पाणी गुन्हा, आलेपाक गुन्हा, स्टिकर फुकट: जॉर्जियातल्या मतदानाचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा आहे ते सुटले. पाचपैकी तीन स्टार. त्यातले पावणेतीन मतदान केंद्रावर टेबलामागे बसलेल्या आज्यांचे, पाव मत दिल्यावर मिळणाऱ्या स्टिकरचा. मालक मंडळींना काही नाही, उलट त्यांच्याकडून दोन काढून घ्यायची सोय असती तर घेतले असते.

आत्तापर्यंत मी रिव्ह्यू लिहिले ते एअर फ्रायरचे, एका व्हॅक्युम क्लीनरचे आणि एका थाई हॉटेलचे (ते नंतर बंद पडलं, माझ्यामुळे नाही). अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मतदानाचा लिहावा हे डोक्यातसुद्धा नव्हतं. पण आता दोनदा जाऊन आले, ऑक्टोबर २०२४ ला आणि नोव्हेंबर २०२५ ला, आणि दोन्ही वेळी बाहेर पडताना वाटलं की अरे निकालावर सगळे तोंड वाजवतात, सर्व्हिसवर कुणी बोलतच नाही. जेवण कसं होतं ह्यावरून घराघरात भांडणं आहेत, पण टेबल मिळायला किती वेळ लागला, मेन्यू कुणी छापला, किचन कुणाच्या नावावर आहे, हे नको का कुणी सांगायला?

मेंबरशिपपासून सुरू करते कारण इथे आत शिरायलाच मेंबरशिप लागते. नागरिकत्वाचा अर्ज मी भरला तेव्हा ७२५ डॉलर होते. मग बोटांचे ठसे, मग वाट बघणं, मग मुलाखत. १०० प्रश्नांची यादी पाठ करायची, त्यातले १० विचारतात, ६ आले की पास. (आता २०२५ पासून यादी १२८ ची झालीये आणि २० पैकी १२ यावे लागतात, म्हणजे माझ्या मागून येणाऱ्यांनो, ऑल द बेस्ट.) मला एक प्रश्न असा आला की मतदान कोण करू शकतं ह्याबद्दल घटनेत चार दुरुस्त्या आहेत त्यातली एक सांगा. मी ठोकून दिलं, मतदान करायला टॅक्स भरावा लागत नाही. ऑफिसरबाई म्हणाल्या, व्हेरी गुड. ७२५ डॉलरची पावती माझ्या पर्समध्येच होती.

शपथ झाली, छोटे झेंडे मिळाले, बाहेर टेबल टाकून मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन बायका बसलेल्याच होत्या, तिथल्या तिथे भरून टाकला. आणि तीन आठवड्यांनी घरी पत्र, तुमची माहिती जुळत नाही. आता आपली नावं माहितीयेत ना, मधे नवऱ्याचं नाव, एका कार्डावर ते पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं अक्षर, तिसऱ्यावर माझ्या नावाला चिकटून एकच लांबलचक शब्द झालेला. कागद घेऊन एका ऑफिसात गेले, वीस मिनिटांत मिटलं. पण हे नाव जुळण्याचं प्रकरण इथे गमतीचं नाही. २०१८ मध्ये ह्याच नियमाखाली राज्यात ५३ हजार नोंदणी अर्ज लटकलेले होते आणि त्यात बहुसंख्य काळे लोक होते. ओळखपत्र दाखवलं तर त्यांना मत देता येत होतं हे खरंय, पण यादीत आपलं नाव लटकलंय असं पत्र आल्यावर किती जण कामाला दांडी मारून तिथे जातील हो? त्या वेळी निवडणुका चालवायच्या खात्याचे प्रमुख होते ब्रायन केम्प आणि गव्हर्नरपदाचे उमेदवार होते, कोण, तर ब्रायन केम्प. अंपायर पॅड बांधून बॅटिंगला. स्टेसी अब्राम्स विरोधात होत्या, त्या ५५ हजारांच्या आसपास मतांनी हरल्या. मी ह्यातून काही सिद्ध करत नाहीये, फक्त पॅड बांधलेला अंपायर डोळ्यासमोर आणा एवढंच.

आता रांग. म्हणजे ह्या सर्व्हिसचा मेन आयटमच हा.

इथे मतदान मंगळवारी असतं. का, तर १८४५ साली तसा कायदा झाला. शेतकरी लोक, रविवारी चर्च, सोमवारी घोडागाडी जुंपून तालुक्याच्या गावाला निघायचं, मंगळवारी मत द्यायचं, बुधवारी बाजार. घोडे गेले, बाजार गेला, मंगळवार आहे तिथेच आहे. सुट्टी नाही. सुदैवाने जॉर्जियात अर्ली व्होटिंग आहे, जवळजवळ तीन आठवडे, आणि २०२४ ला तर राज्यात ४० लाखांवर लोकांनी असंच आधी जाऊन मत दिलं. ही सोय झकास आहे, त्याबद्दल कौतुक करायलाच पाहिजे, उगाच रडत बसणाऱ्यातली मी नाही.

आई तेव्हा आमच्याकडे आली होती. मुलगी अमेरिकेत मत देणार म्हणून तिने ठेवणीतली साडी काढली आणि वर माझं जॅकेट, आणि पर्समध्ये औषधं, पाण्याची स्टीलची बाटली आणि आलेपाकाच्या वड्या, कारण इथल्या हवेने तिला खोकला झालेला. तिला आत येता येणार नव्हतं पण रांग बिल्डिंगच्या बाहेर पार्किंगपर्यंत आलेली, त्यामुळे ती बाहेर माझ्या शेजारी उभी राहून गप्पा मारायला मोकळी. जागेचं नाव लिहीत नाही, आमच्या भागातली एक पब्लिक बिल्डिंग. एक तास वीस मिनिटं लागली, ऊन चांगलंच होतं.

आमच्या मागे एक काळ्या आजी, हातात काठी, आणि त्यांना मधूनमधून खोकल्याची उबळ. वय ७८. मी त्यांना म्हटलं, ७५ च्या वरच्यांना थेट पुढे जाता येतं, विचारा ना तिथे. तर म्हणाल्या, माहितीये मला, पण मला बघायचंय कोण कोण येतंय ते. बरं. पुढच्या पाच मिनिटांत आई आणि त्या मैत्रिणी. भाषा एकीची एकीला कळत नव्हती आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मग त्यांना उबळ आली तशी आईने सवयीने पर्स उघडली, बाटली काढली, आलेपाकाची वडी काढली आणि हात पुढे केला.

मी जवळजवळ किंचाळले. आई, नको! गुन्हा आहे!

आईचा चेहरा बघायला पाहिजे होता. पाणी देणं गुन्हा? मी म्हटलं, हो, रांगेतल्या माणसाला देणं गुन्हा. आणि वडी? वडी पण. का गं, विष आहे का त्यात?

तर त्याचं असं आहे. मार्च २०२१ मध्ये जॉर्जियाने एक कायदा केला, एसबी २०२ म्हणतात त्याला. त्यात बरंच काही आहे, ड्रॉप बॉक्स (पोस्टाच्या मतपत्रिका टाकायचे डबे) कमी केले, त्या मतपत्रिकांचे नियम कडक केले, पण जगभर नाव झालं ते एका कलमाने. मतदान केंद्राच्या १५० फुटांच्या आत मतदाराला कुणीही खाणंपिणं द्यायचं नाही, देऊ करायचंसुद्धा नाही. शिक्षा वर्षभरापर्यंत कैद, हजार डॉलरपर्यंत दंड. आधी तर १५० फुटांच्या बाहेरही, रांगेतल्या माणसाच्या २५ फुटांत, बंदी होती, ती २०२३ मध्ये कोर्टाने थांबवली. सेल्फ सर्व्हिस पाण्याचा जार ठेवलेला चालतो. म्हणजे पाण्याला हरकत नाही, हाताला हरकत आहे. कारण काय सांगतात, तर खाऊ देऊन मत फिरवतील. तर्क म्हणून ठीक आहे हो, आपल्याला हे काही नवीन नाही, पण एका आलेपाकाच्या वडीवर जॉर्जियाचा निकाल फिरेल एवढा विश्वास तर आमच्या आईचासुद्धा स्वतःच्या आलेपाकावर नाही.

मला पुणेरी पाट्याच आठवल्या. पुण्यातसुद्धा "पाणी मिळणार नाही" एवढंच लिहितात, "दिल्यास एक वर्ष" असं अजून कुणी लिहिलेलं नाही.

आणि बरोबर त्याच ऑक्टोबरमध्ये काय चाललं होतं सांगू? इलॉन मस्कच्या प्रचार कमिटीने जाहीर केलं की आमच्या अर्जावर सही करा, रोज एका माणसाला दहा लाख डॉलर देऊ, निवडणुकीच्या दिवसापर्यंत. अट एकच, सही करणारा सात अटीतटीच्या राज्यांतला नोंदणीकृत मतदार हवा. जॉर्जिया त्या सातात. फिलाडेल्फियात हे नंतर कोर्टात गेलं, तिथे कमिटीच्या वकिलांनी सांगितलं की छे छे ही लॉटरी नाहीच, आम्ही विजेते आधीच बघून निवडतो. लोकांना वाटत होतं सोडत आहे. आणि न्यायाधीशांनी चालू दे म्हटलं. त्या निवडणुकीत ह्या एका माणसाने २५ कोटी डॉलरच्या वर ओतले, आणि ते सगळं कायदेशीर कारण २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असं ठरवलं की कंपन्या आणि संघटनांनी प्रचारावर केलेल्या स्वतंत्र खर्चाला मर्यादा घालणं म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर घाला, आणि त्याच वाटेने अशा कमिट्यांना कितीही पैसे देणं मोकळं झालं. तर हिशोब असा, दहा लाखांचा चेक हे भाषण, आणि आलेपाक ही लाच.

पाण्याचा नियम आणि मस्कचे रोजचे दहा लाख, हे मी आईला मराठीत आणि आजींना इंग्रजीत समजावून सांगत होते तर आजी एवढ्या हसल्या की परत खोकला. मग त्यांनी स्वतःच्या पर्समधली स्वतःची गोळी काढून खाल्ली. स्वतःची चालते.

आजींनी रांगेत अजून एक गोष्ट सांगितली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) फोर्साइथ. आज इथे यावं तर मोठाली घरं, चांगल्या शाळा, राज्यातल्या सगळ्यात श्रीमंत काउंट्यांपैकी एक, आणि भारतीय इतके की दिवाळीत कुणाच्या घरी आकाशकंदील नाही ते मोजणं सोपं. ह्याच काउंटीतून १९१२ साली हजारावर काळ्या लोकांना हाकलून दिलं होतं, घरं जाळली, चर्चं जाळली, जमिनी गेल्या, आणि त्यानंतर पाऊणशे वर्षं ही काउंटी जवळपास पूर्ण गोरी. १९८७ च्या जानेवारीत काही लोक इथे मोर्चा काढायला आले तर दगड आणि बाटल्या खाल्ल्या. पुढच्याच आठवड्यात वीस हजार लोक आले. आजी म्हणाल्या, मी त्या वीस हजारात होते, अटलांटाहून बसने आलेले, अंधार पडायच्या आत परत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, तेव्हा इथे घर घ्यायची भीती वाटायची म्हणून घेतलं नाही, आता तुम्ही लोकांनी भाव एवढे वाढवलेत की घेता येत नाही. ह्यावर मी काय बोलणार. आई म्हणाली काय म्हणतायत त्या, मी म्हटलं घरांचे भाव म्हणतायत. आई म्हणाली, सगळीकडे तेच आहे गं बाई.

(जाता जाता, मतदानाचं वय १८ करणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य कोणतं माहितीये? जॉर्जिया, १९४३. बाकी देश १९७१ ला तिथे पोचला. फक्त १९४३ च्या जॉर्जियात १८ वर्षाच्या काळ्या पोराने मत द्यायला जाऊन दाखवायचं होतं.)

शेवटी आत. आई बाहेर बाकावर, मी आत. ओळखपत्र दाखवलं, कार्ड मिळालं, ते मशीनमध्ये घालायचं, टचस्क्रीनवर बोट लावत जायचं, मग प्रिंटरमधून कागद येतो, तो वाचून बघायचा आणि स्कॅनरमध्ये सरकवायचा. इंटरफेस सोपा, अक्षर मोठं. खटकलं एकच, कागदावर माझी मतं शब्दात छापलेली होती पण स्कॅनरने वाचला तो वरचा क्यूआर कोड, आणि तो माणसाला वाचता येत नाही. म्हणजे वेटरने तुमची ऑर्डर परत वाचून दाखवली पण किचनला चिठ्ठी गेली ती गुप्त लिपीत. दर वेळी बरोबरच गेली असणार, २०२० ची जॉर्जियाची मतं तर नंतर हातानेही मोजली आणि निकाल तोच, पण ग्राहक म्हणून मन थोडं खुट्ट होतं. ह्याच मशीनवाल्या कंपनीवर २०२० नंतर एवढं खोटं बोललं गेलं की फॉक्स न्यूजला २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन केस मिटवावी लागली. मशीनपेक्षा बोलणाऱ्यांची टेस्टिंग करायला पाहिजे होती.

मेन्यू अति लांब. राष्ट्राध्यक्ष ठीक आहे, पण मग शेरीफ, टॅक्स कमिशनर, शाळेचं बोर्ड, आणि काउंटीचा कॉरोनर, म्हणजे मेलेला माणूस कसा मेला ते ठरवणारा, तो पण निवडून द्यायचा आणि तो पण पक्षाच्या तिकिटावर. मला अजून कळलेलं नाही की मेल्यावर रिपब्लिकन पद्धतीने तपासलं काय नि डेमोक्रॅट पद्धतीने काय, फरक काय पडतो. वर कितीतरी जागांवर एकच उमेदवार, म्हणजे मेन्यूत दहा पानं आणि सात पानांवर फक्त वरणभात. आणि शेवटी घटनादुरुस्त्या. राज्यात एक टॅक्स कोर्ट काढावं का, हो की नाही? मी टॅक्स भरते म्हणून मला टॅक्स कोर्ट कळतं असं कुणी ठरवलं? मागे रांग, समोर स्क्रीन, मी तिथे उभी राहून त्या वाक्याचा कर्ता शोधतीये.

स्टाफबद्दल मात्र एक शब्द वाईट काढणार नाही. पोल वर्कर म्हणून बसतात त्या बहुतेक सगळ्या निवृत्त बायका, थोडेसे पैसे मिळतात, दिवस पहाटे सुरू होतो. माझं पहिलं मत म्हटल्यावर टेबलावरच्या आजींनी आख्ख्या हॉलला ओरडून सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी आपली लाजून लाल. ह्या लोकांचं काय केलं बघा २०२० नंतर. रूबी फ्रीमन आणि शे मॉस, अटलांटातल्या माय-लेकी, मतमोजणीच्या कामाला होत्या. रूडी जुलियानी, न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि ट्रम्पचे वकील, त्यांनी व्हिडिओ दाखवून सांगितलं की ह्या दोघी एकमेकींना यूएसबी देतायत, कोकेन-हेरॉइनच्या पुड्या दिल्यासारख्या. धमक्या आल्या, आईला घर सोडून लांब राहावं लागलं. मग शे मॉसने अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की आईने मला काय दिलं होतं.

आल्याची गोळी.

मी हे आईला त्या दिवशी गाडीत सांगितलं. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, म्हणजे तिकडेही आईने मुलीला आलेपाकच दिला होता. डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने जुलियानींना १४ कोटी ८० लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. जगातला सगळ्यात महाग आलेपाक.

आणि ह्या आज्यांनी केलेल्या मोजणीत २०२० ला ट्रम्प ११,७७९ मतांनी हरले म्हणून ह्या राष्ट्राध्यक्षाने स्वतः फोन करून राज्याच्या अधिकाऱ्याला सांगितलं होतं की मला ११,७८० मतं शोधून दे. एक जास्त. भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं. अधिकारी ब्रॅड राफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन, नाही म्हणाले. हा माणूस मला इतर शंभर बाबतीत पटत नाही पण त्या "नाही"चे मार्क देते. म्हणून मालकांना शून्य म्हटलं त्यात हा एक अपवाद धरा.

लोकेशनबद्दल. आम्ही घर बदललेलं नाही, पडदेसुद्धा तेच आहेत. पण आमचा काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, मतदारसंघ आधी सातवा होता, २०२२ ला सहावा झाला, २०२४ ला परत सातवा. झालं काय, तर सातव्यात २०१८ ला रिपब्लिकन उमेदवार फक्त ४३३ मतांनी वाचला आणि २०२० ला तो मतदारसंघ डेमोक्रॅट कॅरोलिन बोर्डोंनी घेतला. मग राज्यातल्या रिपब्लिकन मंडळींनी नकाशा काढला, आमची काउंटी, जी दोन तृतीयांश ट्रम्पची आहे, ती उचलून शेजारच्या सहाव्यात घातली, कारण तिथे लूसी मॅकबाथ नावाच्या डेमोक्रॅट निवडून येत होत्या. मॅकबाथ गेल्या सातव्यात आणि तिथे बोर्डोंना, स्वतःच्याच पक्षाच्या खासदाराला, हरवून उभ्या राहिल्या. एका दगडात बरेच पक्षी. मग २०२३ मध्ये कोर्ट म्हणालं हा नकाशा काळ्या मतदारांवर अन्याय करतो, परत काढा. परत काढला, त्यात आम्ही परत सातव्यात आणि मॅकबाथबाई परत नव्या सहाव्यात. इथे मतदार खासदार निवडत नाहीत, खासदार मतदार निवडतात, लग्नाच्या स्थळासारखे, हे नको, ते दाखवा. आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगून टाकलंय की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकडा केला तर आमच्याकडे येऊ नका. टेक्सासने २०२५ मध्ये ते मनावर घेतलं, मधेच नकाशा बदलला, तर कॅलिफोर्नियाने लोकांचं मत घेऊन स्वतःचा पण बदलला. माझी मंडळी कॅलिफोर्नियावर खूश आहेत. मला विचाराल तर समोरच्याने उष्टं केलं म्हणून आपणही केलं, एवढंच झालं ते, पण त्याशिवाय करणार काय हेही मला सुचत नाही.

प्रॉडक्ट वजनाला एकसारखं नाही, ही सगळ्यात मोठी तक्रार. राष्ट्राध्यक्ष लोक थेट निवडत नाहीत, ५३८ इलेक्टर (राज्याराज्यांचे प्रतिनिधी) निवडतात, २७० ला जिंकला. वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, त्यांना ३. कॅलिफोर्निया ३ कोटी ९० लाखांच्या पुढे, त्यांना ५४. भागाकार करा, वायोमिंगच्या एका माणसाचं मत कॅलिफोर्नियाच्या साडेतीन माणसांच्या वर जातं. राजधानी वॉशिंग्टनमध्ये सात लाखांच्या आसपास लोक राहतात, त्यांना सिनेटर एकही नाही, टॅक्स पूर्ण. २००० आणि २०१६ ला ज्याला देशात जास्त मतं पडली तो हरला. वाण्याकडे असा तराजू असता तर मापवाल्या इन्स्पेक्टरला बोलावलं असतं, इथे तराजूला घटना म्हणतात म्हणून हात जोडायचे.

आमच्या मंडळातले एक काका आहेत, त्यांना हे असलं काही बोललं की राग येतो. अगं, तू आत्ता आलीस, आम्ही तीस वर्षं बघतोय, देश चालतोय ना? काकांचं आवडतं वाक्य, आपण लायनीत उभं राहून आलो, बाकीच्यांनीही लायनीत यावं. काकांनी २०२४ ला मोठ्या उत्साहाने मत दिलं, कुणाला ते शर्टवरच लिहिलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जावर एक लाख डॉलर फी लागली आणि काकांचा भाचा, ज्याला कंपनी भारतातून बोलावणार होती, तो लायनीसकट तिथेच राहिला. तेव्हापासून काका राजकारणावर बोलत नाहीत, हवामानावर बोलतात. मी पण हवामानावरच बोलते, काकू बाकरवडी छान करतात आणि मला संबंध टिकवायचेत.

दुसरी भेट, नोव्हेंबर २०२५. ह्या वेळी एका चर्चमध्ये, आणि निवडणूक कशाची तर वीज नियामक आयोगाची. पाच जणांचा आयोग, विजेचे दर ठरवतो, पण ह्यांच्या निवडणुका २०२२ आणि २०२४ ला झाल्याच नव्हत्या, कोर्टात केस अडकलेली, सभासद आपले बसून. तेवढ्यात राज्यातली वीज महागली, डेटा सेंटरं उभी राहिली, आणि व्होगल नावाचा अणुवीज प्रकल्प, जो १४०० कोटी डॉलरमध्ये होणार होता, तो ३००० कोटींच्या पुढे जाऊन सात वर्षं उशिरा संपला. आमच्या भागात वीज सहकारी संस्थेची आहे (हो, अमेरिकेतही सहकार आहे, चेअरमनची गाडी मात्र अजून बघण्यात आली नाही) पण मत सगळ्या राज्याने द्यायचं असतं म्हणून गेले. रांग शून्य. आत तीन मतदार आणि पाच पोल वर्कर. रात्री निकाल, दोन्ही जागांवर डेमोक्रॅट, साठ टक्क्यांच्या वर. जवळजवळ वीस वर्षांत राज्यपातळीच्या अशा पदावर पहिल्यांदा. ट्रम्प, लोकशाही, घटना, सगळं एकीकडे राहिलं, लोकांनी विजेचं बिल हातात घेतलं आणि गेले.

स्टिकर राहिला. पाव मार्क त्याचा. गोल, त्यावर पीच, म्हणजे जॉर्जियाचं फळ. पहिल्या वेळी बाहेर आल्यावर आईने माझी बोटं धरून उलटीसुलटी करून बघितली, शाई कुठाय? मी स्टिकर दाखवला. ती म्हणाली, हे तर सफरचंदावर लावतात तसलं. आणि धुतल्यावर जाणार, मग तू परत जाऊन मत दिलंस तर? मी म्हटलं आई, यादीत खूण असते. तरी तिचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या वेळी आई नव्हती, पण जाताना तिने करून ठेवलेला आलेपाक पर्समध्ये होताच. टेबलामागच्या आजींनी कार्ड देताना दोनदा खोकून घेतलं. मी पुडी बाहेर काढली, समोर भिंतीवरची सूचना वाचली, पुडी परत ठेवली. मत दिलं, स्टिकर घेतला, थँक्यू म्हटलं, त्या म्हणाल्या परत या. मग बाहेर येऊन साठ-सत्तर पावलं मोजत गाडीपर्यंत गेले आणि तिथे एक वडी स्वतः खाल्ली.